काढ-घाल सॅडलबॅग की पक्की पेटी? पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

सकाळी सोसायटीत येणाऱ्या दूधवाल्याची गाडी एकदा नीट बघा. मागे दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड पक्का बोल्ट केलेला असतो आणि किटल्या त्याला नुसत्या अडकवलेल्या असतात. स्टँड वर्षानुवर्षं गाडीवरच राहतो. किटल्या मात्र रोज उतरतात, धुतल्या जातात, परत चढतात. सॅडलबॅगबद्दल, म्हणजे मोटारसायकलच्या मागच्या सीटच्या दोन्ही अंगांना लागणाऱ्या सामानाच्या बॅगांबद्दल, विचारायला येणाऱ्याला मी आधी हीच गाडी दाखवतो. काय गाडीवर कायम राहायला हवं आणि काय रोज सुटायला हवं, हे त्या दूधवाल्याने आपल्या कामावरून ठरवलेलं आहे. आपल्यालाही तेवढंच ठरवायचं आहे, पण दुकानात शिरल्यावर नेमका तोच विचार मागे पडतो आणि आपण रंग बघत बसतो.

कल्पना जुनीच आहे. खांद्यावर टाकायची दोन तोंडांची पडशी, बैलाच्या पाठीवर दोन्हीकडे लोंबणाऱ्या गोण्या, सगळ्यांमागचं तत्त्व एकच: ओझं दोन बाजूंना सारखं वाटायचं आणि जमेल तेवढं खाली ठेवायचं. सॅकमध्ये आठ किलो पाठीवर घेऊन पुण्याहून गणपतीपुळ्याला गेलात तर संध्याकाळी खांदे बोलायला लागतात. तेच आठ किलो सीटच्या खाली दोन बाजूंना गेले की जाणवतही नाहीत.

पहिली पायरी : बाजारात नेमकं काय मिळतं

दुकानदार सगळ्यालाच सॅडलबॅग म्हणतो, पण प्रकार तीन आहेत.

पहिला, सीटवरून आडवी टाकायची कापडी जोडबॅग. मागच्या सीटखालून दोन पट्टे जातात, खाली दोन बकलं, झालं. साधारण २० ते ३० लिटरची एक बाजू. वजनाला हलकी आणि खिशाला परवडणारी, शिवाय गाडी बदलली तरी बॅग वाया जात नाही.

दुसरा प्रकार दूधवाल्याचा. गाडीच्या फ्रेमला पाइपचा स्टँड, ज्याला सॅडल स्टे म्हणतात, तो पक्का बोल्ट करायचा आणि बॅग किंवा पेटी त्याच्यावर अडकवायची. ही पेटी किल्ली फिरवली की हातात येते. इटलीच्या गिव्ही कंपनीने हे काम फार पुढे नेलं. १९७८ साली जुझेप्पे व्हिसेंझी या मोटारसायकल शर्यतपटूने ती सुरू केली. त्यांच्या ‘मोनोकी’ पद्धतीत झाकण उघडायला आणि पेटी गाडीवरून सोडवायला एकच किल्ली लागते. आता त्याच धर्तीची क्लिपवाली पेटी आपल्याकडेही सहज मिळते.

तिसरा, पूर्ण पक्का. पेटी किंवा चामड्याची बॅग थेट नट-बोल्टने कायमची. क्रूझर, म्हणजे बुटक्या सीटच्या, पाय पुढे पसरून चालवायच्या गाड्यांवर झालरी लावलेल्या चामडी बॅगा दिसतात त्या बहुतेक याच जातीच्या. काढायच्या तर पाना घेऊन बसावं लागतं.

दुसरी पायरी : रात्री गाडी कुठे उभी राहते?

माझ्या मते सगळा निर्णय या एका प्रश्नावर व्हावा, म्हणून इथे जरा थांबतो.

माझ्या पहिल्या गाडीवर मी पक्क्या पेट्या लावल्या होत्या. दिसायला देखण्या, कुलूपवाल्या, आत बऱ्यापैकी जागा. जुलै महिन्यात गुहागरला पोचायला रात्रीचे साडेदहा झाले. पाऊस धो धो, लॉजचा जिना मागच्या अंगाला, आणि गाडी लावायला जागा रस्त्याच्या पलीकडे नारळाच्या झाडाखाली. पेट्या सुटत नाहीत म्हणजे आतलं सामान सुटं सुटं वर न्यायचं. हेल्मेटमध्ये चार्जर आणि औषधं, काखेत कपड्यांची गुंडाळी, दातात टॉर्च. तीन खेपा झाल्या. पेटीचं झाकण उघडं असताना आत जे पाणी गेलं ते सकाळपर्यंत खाली साचलेलं होतं, आणि पेटीला पाणी आत येऊ न देणारं रबर होतं म्हणूनच ते बाहेरही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच सामान ओल्या पेटीत परत भरलं. त्या रात्री मला कळलं की पेटीची खरी परीक्षा रस्त्यावर होत नाही, मुक्कामाच्या दारात होते.

म्हणून कागद घ्या आणि पुढचं लिहून काढा. घरी गाडी बंद गेटच्या आत असते की रस्त्यावर? तुम्ही कितव्या मजल्यावर राहता, लिफ्ट आहे का? प्रवासात लॉजवर उतरता, नातेवाइकांकडे की तंबूत? वाटेत मिसळ खायला थांबलात तर गाडी टेबलावरून दिसते का?

पक्की पेटी चोरीला जाणं अवघड, हे खरं. पण आतल्या सामानाला ती अभय देत नाही. बारीक कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने उचकटतं. कापडी बॅगेचे पट्टे तर ब्लेडने कापता येतात. त्यामुळे मौल्यवान वस्तू दोन्हींत ठेवायची नाही. कागदपत्रं, पैसे, कॅमेरा नेहमी टँकबॅगेत, म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर बसणाऱ्या छोट्या बॅगेत, किंवा कमरेच्या पाउचमध्ये, म्हणजे उतरलात की तेही तुमच्याबरोबर उतरतं.

तिसरी पायरी : वर्षात किती दिवस लागणार

वर्षातून पाच-सहा वीकेंड आणि एखादी मोठी राइड, असाच बहुतेकांचा हिशोब असतो. उरलेले तीनशेहून जास्त दिवस गाडी ऑफिसला जाते, भाजी आणते, मुलाला क्लासला सोडते. त्या दिवसांत गाडीच्या दोन्ही अंगांना पेट्यांचं रुंद बूड कशासाठी वागवायचं? टेप घेऊन मोजा: हँडलची रुंदी किती आणि पेट्यांसकट मागची रुंदी किती. मागची जास्त भरली तर गर्दीत हँडल जिथून निघतं तिथून मागचं अंग निघणार नाही. नव्या चालवणाऱ्याच्या हे लक्षात येतं ते कुणाच्या तरी रिक्षाला पेटी घासल्यावर.

कोकणात सागरी मार्गाने जाणार असाल तर दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळच्या फेरीबोटीत दुचाकी एकमेकींना चिकटवून उभ्या करतात. तिथे रुंद पेटीवाल्याला बाजूच्या गाडीची काळजी आणि बाजूच्याला त्याची. लेह-लडाखचा बेत असेल तर अजून एक गोष्ट. महाराष्ट्रातून अनेक जण गाडी रेल्वेने पार्सल करून उत्तरेत पाठवतात. टाकीतलं पेट्रोल काढून, गोणपाटात गुंडाळून गाडी जाते आणि हमाल ती कशीही आडवी-तिरपी सरकवतात. त्या वेळी बाहेर आलेली प्रत्येक गोष्ट वाकते. पेट्या सुटणाऱ्या असतील तर त्या तुमच्याबरोबर डब्यात बसून जातात.

पक्क्या पेटीचीही गिऱ्हाइकं आहेत आणि त्यांची निवड बरोबर आहे. रोज औषधांचे नमुने घेऊन फिरणारा प्रतिनिधी, गावोगाव जाणारे जनावरांचे डॉक्टर, मीटर दुरुस्त करणारा माणूस. सामान रोज तेच, रोज तितकंच, आणि रात्री गाडी अंगणात. अशांनी रोज क्लिपा लावत बसण्यात अर्थ नाही.

चौथी पायरी : गाडीच्या मागे बसून बघा

बॅग मागवण्याआधी दहा मिनिटं गाडीच्या मागे उकिडवं बसा. चार गोष्टी बघायच्या.

सायलेन्सर. बहुतेक गाड्यांना तो उजवीकडे असतो, रॉयल एन्फील्डच्या हिमालयनसारख्या गाडीला तर वर उचललेला. नायलॉन साधारण २२० ते २६० अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळतं, आणि घाट चढताना सायलेन्सरला टेकलेल्या बॅगेचं बूड तिथवर पोचायला वेळ लागत नाही. आंबा घाटात मला आधी वास आला, जळक्या प्लास्टिकचा. वाटलं पुढच्या ट्रकचे ब्रेक तापलेत. थांबून बघितलं तर उजव्या बॅगेच्या बुडाला रुपयाएवढं भोक, कडा काळ्या आणि चिकट, आणि आतला टॉवेल त्या कडेला डकलेला. घरी बसवताना बॅग सायलेन्सरपासून व्यवस्थित दूर होती. पण तेव्हा ती रिकामी होती आणि गाडीवर कुणी बसलेलं नव्हतं. तेव्हापासून माझा नियम: बॅग पूर्ण भरून, डबलसीट बसून, दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगायचं, आणि तेव्हा चार बोटांचं अंतर उरलं पाहिजे. उरत नसेल तर त्या गाडीला स्टँड हवाच.

साडी गार्ड. डावीकडची ही जाळी किंवा पाइप अनेक स्टँड बसवताना काढावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या सीटसाठी धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं निदान अर्धं चाक झाकणारं संरक्षण मागतो, म्हणजे ओढणी किंवा पदर चाकात जाऊ नये. नियम बाजूला ठेवला तरी मागे आई किंवा बायको बसणार असेल तर हे गार्ड काढू नका. साडी गार्डवरच किंवा त्याच्यासकट बसणारा स्टँड मागून घ्या.

मागच्या माणसाचे पाय. बॅग लावून डबलसीट बसवा. टाच बॅगेला अडते का, पाय फूटरेस्टवर पूर्ण टेकतो का? अडत असेल तर शंभर किलोमीटरमध्ये मागचा माणूस वैतागेल आणि त्याची चूक नसेल.

इंडिकेटर, ब्रेकचा दिवा, नंबरप्लेट. तिन्ही मागून स्पष्ट दिसले पाहिजेत. मागे मोबाइल घेऊन उभे राहा आणि फोटो काढा, फोटो खोटं बोलत नाही.

गाडीची फ्रेम कापून किंवा तिच्यावर वेल्डिंग करून स्टँड बसवून देणारे कारागीर भेटतील. नको. कंपनीने दिलेल्या बोल्टच्या जागा वापरणाराच स्टँड घ्या. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, आणि कायद्याच्याही आधी फ्रेमच्या ताकदीचा प्रश्न आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने नळीचा तो भाग कमकुवत होतो.

पाचवी पायरी : कडक की मऊ

सुटणारी घ्यायची ठरली तरी कडक पेटी की कापडी बॅग, हे उरतंच. डांबरी हमरस्ता, लांब पल्ला, एकट्याचा प्रवास असेल तर कडक पेटी छान. ऊन, पाऊस, कुलूप, तिन्ही बाबतीत ती सरस. फक्त वजन लक्षात घ्या. ऍल्युमिनियमची रिकामी पेटीच पाच किलोच्या आसपास, अशा दोन, वर स्टँड. सामान भरण्याआधीच पंधराएक किलो गेले. आणि अशा पेट्यांवर भाराची मर्यादा छापलेली असते, पुष्कळदा एकीला १० किलो. ती मर्यादा दागिन्यासारखी छापलेली नाही, क्लिप तेवढंच झेलते.

खडकाळ रस्ता, नदीनाले, वाळू असेल तर मी मऊ बॅगच सांगेन, अगदी आग्रहाने. नवा माणूस घसरायला लागला की पहिल्यांदा पाय खाली टेकवतो. गाडी पुढे जात असते, पाय मागे राहतो आणि कडक पेटीची पुढची कड पोटरीवर येते. पाय पेटीखाली सापडून मोडल्याची उदाहरणं जगभरच्या चालकांमध्ये आहेत. कापडी बॅग दबते, बाजूला होते. गाडी पडलीच तर कडक पेटीचा कोपरा चेपतो, झाकण पुन्हा लागत नाही. कापडी बॅगेला दाभण आणि जाड दोरा पुरतो.

चामड्याबद्दल एकच सांगतो. दिसतं सुंदर, पण कोकणातल्या पावसात आठवडाभर ओलं राहिलं तर त्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरते. कोरड्या हवेत राहणाऱ्याने खुशाल घ्यावं.

पावसासाठी बॅगेवर येणाऱ्या पिवळ्या-केशरी कव्हरवर विसंबू नका. वेगात त्यात वारा भरतो आणि ते फाटतं किंवा सुटून चाकात जातं. ताम्हिणीत जूननंतर पाणी वरून येतं तसंच चाकावरून खालूनही येतं. बॅगेच्या आत घडी घालून बंद होणारी रबरी पिशवी ठेवा. ती नसेल तर खताच्या गोणीतलं जाड प्लास्टिकचं अस्तरही चालतं.

सहावी पायरी : बसवताना

कापडी जोडबॅग असेल तर मागची सीट काढा आणि पट्टे सीटखालून न्या. सीटवरून नेले तर मागचा माणूस बकलावर बसतो. पट्टा जिथे रंगाला घासतो तिथे जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर दोन दिवसांत रंगावर पांढुरके चट्टे उठतात. खालचा पट्टा मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला बांधा. मागचं चाक ज्या दांड्याला धरलेलं असतं त्या स्विंगआर्मला कधीही बांधू नका. तो खड्ड्याखड्ड्याला वरखाली होतो, पट्टा प्रत्येक वेळी ओढला जातो आणि शेवटी शिवण उसवते. पट्ट्याची उरलेली शेपटी गुंडाळून टेपने चिकटवा, लोंबती ठेवली तर ती चेनकडे किंवा चाकाकडेच जाते.

स्टँड असेल तर आधी सगळे बोल्ट हाताने दोन-तीन आटे बसवून घ्या आणि मग एकेक आवळा. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात की भोकं जुळत नाहीत आणि मेकॅनिक पाइप वाकवून बसवतो. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला नट वापरा, किंवा आट्यांवर निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद लावा. गाडीच्या थरथरीने साधा नट सुटतोच.

सातवी पायरी : भरताना तोल

भरलेल्या दोन्ही बॅगा एका काठीला कावडीसारख्या अडकवून काठी मधोमध उचला. जी बाजू खाली जाते तिथलं सामान इकडे घ्या. किलोभराच्या आत फरक आला की पुरे. सायलेन्सरमुळे उजवीकडचा स्टँड बाहेर आलेला असेल तर तिथली बॅग गाडीच्या मध्यापासून लांब असते, म्हणून तिच्यात किंचित कमी वजन ठेवा. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, पंप, पाण्याच्या बाटल्या, तळाशी आणि पुढच्या बाजूला. मागच्या चाकाच्या पलीकडे जितकं ओझं जाईल तितकं पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल हलायला लागतं.

मॅन्युअलमध्ये गाडीचं कमाल एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून गाडीचं, तुमचं, मागच्या माणसाचं आणि पेट्या-स्टँडचं वजन वजा करा. जे उरेल तेवढंच सामान. रॉयल एन्फील्डची क्लासिक ३५० स्वतःच १९५ किलोची आहे, डबलसीट आणि दोन कडक पेट्या म्हटल्यावर उरतं ते वाटतं त्याहून बरंच कमी असतं. मग मागच्या टायरची हवा डबलसीटसाठी सांगितली आहे तेवढी करा आणि शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, एक-दोन खाचा वाढवा.

साइड स्टँडबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. भरलेल्या गाडीचा शॉकअप दबतो, गाडी खाली येते, पण साइड स्टँडची लांबी तेवढीच राहते. त्यामुळे गाडी नेहमीपेक्षा जास्त सरळ उभी राहते आणि उजवीकडे पडू शकते. उतारावर गाडीचं तोंड चढाकडे करून लावा, पहिला गिअर टाकून ठेवा. पावसाळ्यात तांबड्या मातीत याच्या उलट होतं, स्टँड रुततो. चिऱ्याचा एखादा चपटा तुकडा स्टँडखाली सरकवा.

नव्या माणसाने काय घ्यावं असं थेट विचारलंत तर पहिल्या वर्षी कापडी जोडबॅग घ्या. दोन-तीन राइडमध्ये किती सामान खरंच लागतं आणि मुक्काम कसे असतात हे कळेल. मग गाडीला स्टँड बसवा आणि तीच बॅग त्यावर अडकवा. कडक पेटी त्यानंतर, तीही किल्लीने सुटणारी. पक्क्या पेटीचे पैसे तोपर्यंत हातात ठेवा.

बसवून झालं की लगेच लांब जाऊ नका. भरलेल्या बॅगांनिशी पुण्याहून सिंहगड पायथा किंवा मुंबईहून कर्जत एवढी फेरी मारा. वळणांवर गाडी कशी झुकते, ब्रेक दाबल्यावर किती लांब थांबते, हे अंगवळणी पडू द्या. शंभरेक किलोमीटर झाले की पाना घेऊन स्टँडचा एकेक बोल्ट तपासा, पट्टे पुन्हा ताणा, उजव्या बॅगेच्या बुडावर हात फिरवून बघा. गरम लागलं तर बॅग अजून थोडी वर घ्या.